बँड कोणता, त्याआधी तो सांभाळणार कोण

पुणे, दि. १८ जानेवारी

चि. सौ. मानसी हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी रविवारची मोठी ईमेल मिळाली. एकदा मी मनात वाचली आणि दुसऱ्यांदा तुझ्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. वजन ९६ किलो, उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय साडेसदतीस. त्यात रक्तदाबाची गोळी आणि रात्री श्वास अडतो म्हणून तोंडावर मास्क. हे सगळे तू इतक्या मोकळेपणाने लिहिलेस याचे मला समाधान आहे, आणि इतकी वर्षे तू ते एकटीने सोसलेस याचे दुःखही आहे. लग्नाआधी मीच तुझ्या ताटात पोळ्या मोजून वाढत असे आणि पाहुण्यांसमोर तुला टोकत असे. ते चुकीचे होते. लठ्ठपणा हा आजार आहे आणि आजारावर उपचार करून घेण्यात कमीपणा नाही, हे मी तेव्हाच जाणायला हवे होते. म्हणून आधीच सांगते, शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. दोघांपैकी कोणता सर्जन निवडू आणि वजन उतरवण्यासाठी जठराभोवती बसवायचा कोणता बँड घेऊ, असे तू विचारले आहेस. ऑपरेशन थिएटरमध्ये एकतीस वर्षे सिस्टर म्हणून काम केलेली बाई या नात्याने मी त्याचे उत्तर देते.

बँड मी हातात घेतलेला आहे. मुंबईला असताना, विसाव्या शतकाच्या शेवटी निघालेल्या या शस्त्रक्रियेची लाट आपल्याकडेही आली होती, तेव्हा त्या थिएटरची ट्रॉली माझ्याकडे असे. सिलिकॉनचे पांढरट, मऊ कडे, त्याच्या आतल्या बाजूला फुग्यासारखी पोकळी, त्यातून निघालेली बारीक नळी आणि नळीच्या टोकाला बसवायचे बटणाएवढे पोर्ट. पोटात घालण्याआधी त्यात सलाईन भरून हवा पूर्ण काढायची, किडनी ट्रेमधल्या सलाईनमध्ये कडे बुडवून बुडबुडा येतो का हे नीट पाहायचे, हे माझे काम. पुढचे काम सर्जनचे. दुर्बिणीतून तो बँड जठराच्या मागून ओढून आणायचा, वरच्या टोकाशी फासून कुलूप लावायचे, बँडच्या वर अगदी लहानसाच कप्पा राहील असे पाहायचे, जठराची घडी बँडवरून आणून टाके घालायचे आणि पोर्ट पोटाच्या स्नायूवर त्वचेखाली पक्के करायचे. जठर कापले जात नाही, आतडे तोडून जोडले जात नाही, आणि पेशंट बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. तुला ही शस्त्रक्रिया आवडली ती याच कारणाने, हे मला समजते. पण त्या तासाभरात होते ती फक्त सुरुवात. बँड चालतो तो पुढची कित्येक वर्षे पोर्टमधून थोडे सलाईन घालून किंवा काढून तो कमी-जास्त आवळत राहिल्यामुळे. हे कोण करणार, कुठे करणार आणि किती काळ करणार, हाच माझ्या मते तुझ्या निवडीतला मुख्य प्रश्न आहे.

असे मी का म्हणते, ते दोन शहरांच्या अनुभवावरून सांगते. दुर्बिणीतून असा बँड बसवण्याची सुरुवात १९९३ मध्ये बेल्जियममध्ये डॉ. मितिकु बेलाच्यू यांनी केली. त्याच देशात, ब्रसेल्सला, १९९४ ते १९९७ या काळात बँड बसवलेल्या रुग्णांचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा वर्षांहून अधिक काळानंतर जे रुग्ण तपासायला मिळाले, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांचे बँड काढावे लागले होते. दोनच वर्षांनी, २०१३ मध्ये, मेलबर्नच्या पॉल ओब्रायन यांच्या चमूने तीन हजारांहून अधिक रुग्णांचा हिशोब मांडला. तिथे बँड काढावा लागलेल्यांचे प्रमाण ५.६ टक्के होते, आणि पंधरा वर्षांनंतरही जादा वजनापैकी सरासरी ४७ टक्के वजन कमी झालेले टिकून होते. दोन्हीकडची तुलना तंतोतंत होत नाही, कारण ब्रसेल्सचे रुग्ण अगदी सुरुवातीच्या पद्धतीचे होते आणि त्यांना वर्षेही जास्त झाली होती. तरी मेलबर्नच्याच अहवालातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. बँडच्या वरचा कप्पा फुगल्यामुळे पुन्हा ऑपरेशन करावे लागण्याचे प्रमाण त्यांच्याकडे पहिल्या दहा वर्षांत ४० टक्के होते, ते शेवटच्या पाच वर्षांत ६.४ टक्क्यांवर आले. त्यांनी तंत्र सुधारले, आणि रुग्णाला पुन्हा पुन्हा बोलावून तपासण्याची शिस्त पाळली. हात आणि पाठपुरावा यांनी एवढा फरक पडतो.

अमेरिकेतली परिस्थिती तुला माझ्यापेक्षा जवळून दिसत असेल, पण आकडे लक्षात घे. २०११ मध्ये तिथल्या वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे ३५ टक्के बँडच्या होत्या. २०१९ पर्यंत ते प्रमाण एका टक्क्याच्याही खाली गेले. लोक स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणे) आणि बायपास (जठराचा लहान कप्पा करून तो पुढच्या आतड्याला जोडणे) यांकडे वळले, कारण त्यांत वजन अधिक उतरते आणि बँडच्या रुग्णांना पुन्हा थिएटरमध्ये यावे लागण्याचे प्रमाण मोठे होते. मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्यविम्याच्या पंचवीस हजार बँड-रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साडेचार वर्षांच्या सरासरी काळात १८.५ टक्के जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया झालेली आढळली, आणि ज्यांच्यावर झाली त्यांच्यावर ती सरासरी चारएक वेळा झाली. मानसी, यामुळे अडचण दुहेरी होते. बँड बसवणारे हात कमी झाले आहेत, आणि जे आहेत त्यांचाही सराव कमी झालेला असू शकतो. म्हणून ‘आपण आजवर किती बँड बसवलेत’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘गेल्या दोन वर्षांत आपण स्वतः किती बसवलेत, किती काढलेत, आणि पाच वर्षांपूर्वी बसवलेल्यांपैकी किती जण अजून आपल्याकडे येतात’ असे विचार. यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्याला ताबडतोब देता येते, त्याने आपले रुग्ण सोडलेले नाहीत असे समज.

तुझ्या दोघांपैकी पहिल्या डॉक्टरांच्या केंद्राची जाहिरात तू पाठवलीस. हसरे चेहरे, ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो, सुलभ हप्ते. त्या डॉक्टरांना मी ओळखत नाही, ते कुशलही असतील; पण ते फक्त बँडच बसवतात, आणि पहिल्याच भेटीत तारीख देऊन मोकळे झाले, हे मला खटकले. दक्षिण कॅलिफोर्नियात एकेकाळी रस्तोरस्ती बँडच्या जाहिरातींचे फलक होते, आणि त्यांत धोक्यांची माहिती पुरेशी दिलेली नाही म्हणून २०११ च्या डिसेंबरात एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध व उपकरण नियामक संस्थेने, तिथल्या काही शस्त्रक्रिया केंद्रांना इशारापत्रे पाठवली होती, हे मला आठवते. दुसऱ्या डॉक्टरांनी तुला छातीत जळजळ होते का, रात्री आंबट पाणी घशात येते का, हे विचारले. एंडोस्कोपी केल्याशिवाय मत देणार नाही असे सांगितले. आणि स्लीव्ह व बायपासही समोर मांडले. तू त्यांना ‘जरा रूक्ष’ म्हटलेस. मला त्यांचे ते प्रश्न फार मोलाचे वाटले. जठराचा भाग छातीकडे सरकलेला असेल, म्हणजे हायटस हर्निया असेल, तर तो आधी शोधून त्याच वेळी दुरुस्त करावा लागतो. अन्ननलिकेची हालचाल मंद असेल, तर बँड मुळीच बसवू नये असे म्हणणारे सर्जन शहाणे असतात. ज्याला तिन्ही शस्त्रक्रिया येतात, त्याला तुझ्या गळ्यात एकच वस्तू बांधण्याची गरज नसते. त्यांच्या रुग्णालयाला एमबीएसएक्यूआयपी, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांचा दर्जा तपासणाऱ्या अमेरिकी कार्यक्रमाची, मान्यता आहे का, तेवढे पाहून घे.

बँडच्या बनावटीबद्दल फार विचार करू नकोस. एकेकाळी निवड होती. लॅप-बँडला एफडीएची मान्यता २००१ मध्ये मिळाली आणि स्वीडिश घडणीच्या, पुढे रिअलाइज नावाने विकल्या गेलेल्या बँडला २००७ मध्ये. रिअलाइज आता नव्याने बसवला जात नाही, त्यामुळे तुझ्यापुढे लॅप-बँडच येईल. त्याचे लहान-मोठे माप आतली चरबी आणि जठराची जाडी पाहून सर्जन थिएटरमध्येच ठरवतो. मात्र लॅप-बँडची मालकी सारखी बदलत आली आहे. इनामेडकडून २००६ मध्ये ॲलर्गनकडे, २०१३ मध्ये अपोलो एंडोसर्जरीकडे आणि २०१८ च्या अखेरीस रीशेप लाइफसायन्सेसकडे. आयुष्यभर शरीरात राहू शकणाऱ्या वस्तूच्या बाबतीत हे लक्षात ठेवावे लागते. आज तो बँड कोण पुरवते, पोर्ट किंवा नळी बदलावी लागली तर सुटा भाग मिळतो का, हे विचार. बँडचे कार्ड, त्यावरचे माप, अनुक्रमांक आणि आत किती मिलिलिटर भरले आहे याची नोंद कायम पर्समध्ये ठेव, आणि तिचा फोटो निखिलरावांच्या फोनमध्येही असू दे.

निखिलरावांनी सुचवले की तू सुट्टीत पुण्याला यावेस, इथे खर्च कमी आणि आई शेजारी. तू इथे यावीस, मी तुझ्या उशाशी बसावे, यापरते मला दुसरे काय हवे? तरीही मी नको म्हणते. आपल्याकडे आता प्रामुख्याने स्लीव्ह आणि बायपास होतात, बँड क्वचितच. शिवाय इथे बसवलेला बँड तिथे कोण आवळणार? आपल्या परिचयातल्या एका बाईंनी असाच परगावी बँड बसवून घेतला. त्यांच्या गावात जबाबदारी घ्यायला कोणी तयार नव्हते. शेवटी एका ठिकाणी साध्या सुईने पोर्ट टोचले गेले. पोर्टसाठी ह्यूबर नावाची वेगळी सुई लागते, तिचे टोक वळवलेले असते, त्यामुळे पोर्टच्या पडद्याचा तुकडा पडत नाही. साध्या सुईने पडदा फुटला, सलाईन हळूहळू झिरपून गेले, आणि वजन पुन्हा का वाढते आहे हे सहा महिने कोणाला कळले नाही. त्या बाईंनी स्वतःलाच दोष दिला, आणि ते ऐकताना मला फार वाईट वाटले. तुझ्या घरापासून गाडीने तासाभरात पोहोचता येईल असाच सर्जन निवड.

खाण्याचे एक सांगते, कारण तुझ्या घरी अजून आपलाच स्वयंपाक असतो. बँड घट्ट झाला की पोळी, पाव आणि कोरडा भात अडकतो. बारीक घास, खूप चावणे, जेवताना पाणी न पिणे हे सगळे शिकावे लागते. पण शिकरण, आमरस, श्रीखंड, आइस्क्रीम हे सुळकन खाली उतरते. बँडला ते कळतच नाही. कित्येकांचे वजन इथेच अडते, म्हणून चांगल्या आहारतज्ज्ञाची भेट दर वेळी फिलच्या, म्हणजे बँडमध्ये सलाईन भरण्याच्या, दिवशीच घेत जा.

ओवीला भावंड हवे, म्हणून तुला बँड जवळचा वाटतो. तो विचार बरोबर आहे. गरोदरपणात उलट्या वाढल्या तर सलाईन काढून बँड सैल करता येतो, हे इतर शस्त्रक्रियांत शक्य नाही. वजन उतरवणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शने तर गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी बंद करावी लागतात, आणि तुला ती सोसलीही नाहीत. मात्र शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने थांबायचे, याबद्दल तुमचा दोघांचा निश्चय हवा. तोवर तू पस्तिशी ओलांडलेली असशील, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांना या निर्णयात आत्ताच सामील करून घे.

विम्याकडून लेखी घे की फिलचा खर्च आणि पुढे बँड काढावा लागला तर तो खर्च ते देतील. आणि दुसऱ्या डॉक्टरांना एक प्रश्न माझ्या वतीने विचार: शनिवारी रात्री अचानक पाण्याचा घोटही उतरेनासा झाला आणि पोटात कळ आली, तर फोन कोण उचलेल? बँड घसरला की असे होते, आणि तेव्हा सलाईन तत्काळ काढावे लागते. सोमवारपर्यंत थांबून चालत नाही. रात्री झोपेत खोकला येऊ लागला, तर तोही बँड जास्त घट्ट झाल्याचा इशारा समज आणि वेळ न काढता दाखव.

एंडोस्कोपीचा अहवाल आला की त्याचे फोटो काढून लगेच पाठव. हायटस हर्नियाचा उल्लेख असला तर मी आणखी काही प्रश्न लिहून देईन. त्या अहवालावरून डॉक्टरांनी बायपास सुचवला, तर माझ्यासाठी किंवा आधी ठरवले म्हणून बँडचा हट्ट धरू नकोस. पहिले फिल साधारण चार ते सहा आठवड्यांनी असते. तारीख कळव, बाबा तिकिटाचे पाहत आहेत. त्या दिवशी मी तुझ्याबरोबर येईन आणि सिस्टरच्या ट्रेमध्ये कोणती सुई आहे ते स्वतः बघेन.

ओवीला गोड पापा. निखिलरावांना आशीर्वाद.

तुझी,
आई