दाराला मोटर बसवतेय, रागवू नका

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायला गेले असते तर बाबांनी "बघू पुढं" म्हणून फोन आईकडे दिला असता, आणि आईनं भाजी काय केली ते सांगितलं असतं. म्हणून लिहितेय. हॉलच्या दाराला मोटर बसवायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे पैसेही देऊन झालेत. शनिवारी सकाळी १० वाजता माणसं येतील.

बाबा दारात पडले हे मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही समोरच्या काकूंकडून. आई, "पाय मुरगळलाय जरा" म्हणालीस तेव्हाच तुझा आवाज मला कळायला हवा होता. मी मीटिंगमध्ये होते, बरं म्हटलं आणि फोन ठेवला. ते डोक्यातून जात नाही.

गेल्या खेपेला सोफ्यावर बसून मी मुद्दाम बघत होते. बाबा, तुम्ही वॉकर दारापाशी नेता, डाव्या हातानं लॅच फिरवता. उजव्या हाताला अजून पकड नाही, आणि आपलं दार उघडतं आत, म्हणजे ते ओढत वॉकरसकट दोन पावलं मागं यायचं. तेवढ्यात वरचा क्लोजर दार परत ढकलतो आणि वॉकरचा पुढचा पाय फळीखाली सापडतो. दार उघडल्यापासून उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत १४ सेकंद. मोबाईलवर मोजले. तुम्हाला वाटलं मी मेसेज करतेय.

नुसता क्लोजर काढून टाकायचाही विचार केला. मग वाऱ्यानं दार आपटेल आणि ओढायचं तर राहीलच. सरकतं दार करावं तर शेजारी फळी सरकायला भिंतच नाही, मीटरचा बोर्ड आडवा येतो. हलकं फ्लश डोअर बसवा असंही एकानं सुचवलं. त्याला मी लगेच वाटेला लावलं. वाड्याच्या तुळईचं दार आहे ते, २००५ च्या पुरानंतर गावभागातून विश्रामबागला तुम्ही काय आणलंत तर ते लाकूड. तर बाबा, दार तेच राहणार. मोटरची पेटी आतल्या बाजूनं वरच्या चौकटीवर बसते आणि तिचा दांडा दारावरच्या पट्टीत सरकतो. फळीवर फक्त पट्टीचे स्क्रू, तेही जुन्या क्लोजरच्या भोकांच्या आसपास. दाराचं वजन पन्नास किलोच्या आत धरलंय, मशीन त्याहून जास्त पेलतं.

मॉलच्या दारासारखं ते झपकन उघडणार नाही. हा हळू चालणारा प्रकार आहे, लो एनर्जी म्हणतात. अमेरिकेच्या मानकात अशा दारानं ८० अंशांपर्यंत उघडायला निदान ३ सेकंद घ्यावेत आणि उघडं निदान ५ सेकंद राहावं असं आहे. ५ सेकंदांत तुमचा वॉकर उंबऱ्यापर्यंतही जायचा नाही, म्हणून मी २५ सांगितलेत. मध्ये कुणी आलं तर दार थांबतं. आणि ते अडवायला सात किलोपेक्षा जास्त जोर लागू नये असाही नियम आहे. आई, तू एका हातानं थोपवशील. माणूस दिसला की आपोआप उघडणारा सेन्सर नको म्हटलंय. नाहीतर तू हॉलमधून देवघरात गेलीस तरी दार उघडेल, आणि खालची मांजर काय, टपलेलीच आहे.

त्याऐवजी बाबांच्या खुर्चीशेजारी तळहाताएवढं बटण, आणि बाहेरून आत यायला एक रिमोट. बटण दाबलं की लॅचची खाच आधी सुटते, मग दार फिरतं. लाइन इन्व्हर्टरवरून घेतलीय. इन्व्हर्टरही बसला तर बाहेरून कुलूप लागलेलंच राहील, आतून मूठ फिरवून हातानं उघडायचं, आत्ता उघडता तसंच. म्हणजे कोंडून राहाल ही भीती नको.

उंबरा काढणार नाहीये, आई. तुझी हळदकुंकवाची बोटं आणि रांगोळी तिथंच. उंबरा २ इंच उंच आहे. सरकारी मार्गदर्शक सूचनांतला उतार १ ला १२, म्हणजे दोन्ही अंगांना २४-२४ इंचांच्या लाकडी उतरत्या फळ्या. त्या उचलून ठेवता येतात. सणावारी बाजूला कर, पण बाबा आत बसलेले असतानाच.

मला वाड्याची कडी आठवते. माझा हात पुरायचा नाही म्हणून मी दप्तर आपटायचे, आणि बाबा आतून "कोण आहे? वाघ की चिमी?" असं विचारल्याशिवाय उघडायचे नाहीत. भूक लागलेली असायची, तरी मी वाघ म्हणायचे. या दारातून तुम्ही स्वतः बाहेर जावं, कट्ट्यावर पेपर वाचावा, कुणाला हाक मारायला न लागता, एवढंच मला हवंय. तुम्हाला जमत नाही असं मला म्हणायचं नाही. ते दारच आडमुठं आहे.

आता नीट ऐका. रिमोट बाबांच्या सदऱ्याच्या खिशात, देवघराच्या फळीवर नाही. रात्री वरची कडी लावलीत तर मोटरचा स्विच बंद करायचा आणि सकाळी आधी कडी, मग स्विच. बेल वाजली की आधी आतूनच कोण आहे ते विचारायचं, तोवर बटणाला हात लावायचा नाही. आई, हे तुला आहे. पावती बघायला मागू नका, बाबा. माझ्याकडे नाही असं समजा.

दार पूर्ण ९० अंश उघडायला हवं, म्हणून मागचं चपलांचं कपाट शुक्रवारीच बाल्कनीत हलवून घ्या, वॉचमनकडून, स्वतः नाही. खिळ्यावरची छत्री आणि कालनिर्णयही काढून ठेवा. मिस्त्री दोघे आहेत, चहा बिनसाखरेचा करू नकोस त्यांना.

तुमची,
चिमी