‘गेट क्रेझी’ एकट्या मॅकडॉवेलचा नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत ‘गेट क्रेझी’ या १९८३च्या अमेरिकन पिक्चरवर लेख आला, वाचून बरं वाटलं, कारण मराठीत ह्याचं नाव कोणी घेतल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. पण वर त्यातल्या मॅल्कम मॅकडॉवेल या नटाचा एवढा थोरला फोटो आणि खाली पण सगळं त्याच्यावरच, हे काही पटलं नाही बुवा. तो मस्तच आहे, रोलिंग स्टोन्सच्या मिक जॅगरची नक्कल करत रेजी वँकर हा रॉकस्टार असा काही रंगवलाय की विचारू नका (एक सीन तर तुमच्या पेपरात छापता येणार नाही), पण तो त्या गर्दीतला एक.

मी गावच्या जत्रेतल्या नाटकांना पंचवीस वर्षं बॅकस्टेज केलंय, पडदा, लाईट, विंगेतून प्रॉम्प्टिंग, सगळं. त्यामुळे मला ह्या पिक्चरचा खरा हिरो वाटतो तो डॅनियल स्टर्नचा स्टेज मॅनेजर. हाच स्टर्न नंतर ‘होम अलोन’मधला लांब चोर झाला. थर्टीफर्स्टची रात्र, सॅटर्न थिएटरात रॉक गाण्यांचा मोठा कार्यक्रम, मालक मॅक्स आजारी, त्याचाच पुतण्या फितूर, एड बेगली ज्युनियरचा शेठ थिएटर गिळायला टपलेला, त्यात बाँब, फायर इन्स्पेक्टर नियम सांगत फिरतोय, पिण्याच्या पाण्यात कोणीतरी नशा मिसळलीय, आणि हा बिचारा हे सगळं सांभाळत इकडून तिकडे पळतोय. आमच्याकडे पण रात्री अकराचं नाटक दीडला सुरू होतं तेव्हा आत नेमकं हेच चाललेलं असतं, बाँब सोडून.

दिग्दर्शक ॲलन आर्कुश स्वतः न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या रॉक कार्यक्रमांच्या थिएटरात कामाला होता, आधी लोकांना सीट दाखवायचा, मग स्टेजवर, म्हणून ते खरं वाटतं. ते थिएटर १९६८ ते १९७१ एवढंच चाललं. मॅक्स म्हणजे त्याचा मालक बिल ग्रॅहम, हे जाणकारांना लगेच कळतं.

आणि माणसं तरी किती! डोअर्स बँडचा ड्रमर जॉन डेन्समोर इथे रेजीचा ड्रमर, टर्टल्स बँडचा हॉवर्ड केलन जुनाट हिप्पी, फिअर बँडचा ली व्हिंग पिगी नावाचा पंक, म्हणजे धांगडधिंगा रॉकवाला. एकेकाळी पोरी ज्यांच्यामागे वेड्या व्हायच्या ते गायक फेबियन आणि बॉबी शर्मन शेठचे गुंड झालेत, कास्टिंगमधला सगळ्यात खवचट जोक तर मला हाच वाटतो. ब्लूज गायक मडी वॉटर्सचं ‘हूची कूची मॅन’ हे गाणं एकाच रात्री तीनदा होतं, किंग ब्लूज नावाचा म्हातारा गायक ठेवणीतलं गातो, पंकवाले त्याचा चोथा करतात, मग रेजी स्टेडियमचा थाट. एकच नाट्यपद तीन गावच्या जत्रांत ऐका, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. गोष्ट थांबवून मधेच गाणं आलं म्हणून लेखात थोडी नाराजी होती, पण अहो, आमच्या गोव्याच्या कोंकणी तियात्रात, म्हणजे नाटकात, मधेमधे कांतारां (गाणी) असतात ना, त्यांना कोण विचारतो कथानकाशी काय संबंध म्हणून?

पिक्चर तेव्हा आपटला, मग वर्षानुवर्षं धड कॉपी मिळत नव्हती, २०२१ला ब्लू-रे आली. २००४पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत होतोय, नोव्हेंबरात आम्ही पण पास घेऊन रांगा लावतो, गंभीर सिनेमे बघून गंभीर चेहऱ्याने बाहेर येतो. एखाद्या रात्री उशिराचा शो ह्याचा लावा की. तुमच्या पेपरने मागणी केली तर कोणीतरी ऐकेल, आमचं कोण ऐकतंय.

ह्यातल्या लू रीड या रॉक गायकाबद्दल लेखात एक ओळ पण नाही, म्हणून शेवटी तेवढं लिहितो. त्याने केलेला ऑडन हा गायक म्हणजे बॉब डिलनची टर, अख्खी रात्र टॅक्सीत गाणं लिहीत फिरतो आणि पोचतो तेव्हा थिएटर रिकामं. तरी गातो. आमचे ऑर्गनवाले एकदा चोडण बेटाची शेवटची फेरीबोट चुकून असेच पहाटे पोचले, मंडपात खुर्च्या उचलणारी दोन पोरं आणि मी, तरी बुवांनी पेटी उघडून भैरवी वाजवली.

आपला,
एक बॅकस्टेजवाला, फोंडा