ट्रॉलीच्या टायरवरचा आकडा काट्याशी ताडून पाहा

महोदय,

गाळप हंगाम सुरू होताना साखर कारखाने आणि आरटीओ मिळून उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात. प्रथा चांगली आहे, ती चालूच राहावी. पण त्याच ट्रॉलीच्या चाकांना किती ओझं झेपतं, ते तिथे कोणी वाचत नाही. मी एसटीच्या आगारात टायर विभागात नोकरी केली आहे, म्हणून हे पत्र.

टायरच्या कडेवर कमाल वजन आणि ते पेलायला लागणारी हवा छापलेली असते. किलो लिहिलेले नसतील तर भारांक असतो. १४० म्हणजे २,५०० किलो, १३६ म्हणजे २,२४० किलो. पुढे ए८ असेल तर तो टायर ताशी ४० किलोमीटरपर्यंतचा. आता चार चाकी ट्रॉली रिकामी दोन टन आणि ऊस दहा टन धरा. चाकामागे तीन टन आले, म्हणजे १४० भारांकाच्या टायरवरही ५०० किलो जादा. हे सुद्धा ऊस सारखा भरला असेल तर! समोरून गाडी आली की डावी चाकं साइडपट्टीवर उतरतात आणि भार तिकडेच कलतो.

सध्या हवा बघतात ती टॉमीचा, म्हणजे लोखंडी दांड्याचा, ठोका मारून. ठोक्याने टायर बसलाय की नाही एवढंच कळतं, पंधरा-वीस पीएसआयची तूट कळत नाही. हवा कमी असली की कड प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, टायर आतून तापतो, धागे रबरापासून सुटतात आणि भर रस्त्यात टायर फुटतो. शेजारून दुचाकीवर कोणीतरी पोरं घेऊन चाललेलं असतं. हवा गार टायरवर, गेजनेच मोजावी. खेप करून आल्यावर गेजवर आकडा चढलेला दिसतो, तो बघून हवा सोडू नये.

सोळा प्लायचा, म्हणजे जास्त दणकट, टायर घातला म्हणजे ट्रॉलीची ताकद वाढली, हा समजही खोटा. चाकाची लोखंडी डिस्क आणि अ‍ॅक्सल तेच राहतात. नटांच्या भोकांपाशी डिस्कला चीर गेलेली मी कितीदा पाहिली आहे. रिमोल्ड टायरचं वरचं रबर तेवढं नवं असतं, कडा जुन्याच. कडेवर ३२१९ असेल तर तो २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला.

वाहतूकदाराला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. त्याला पैसे टनावर मिळतात, ट्रॅक्टरचा हप्ता असतो, मुकादमाला उचल दिलेली असते. वजनकाटा मात्र कारखान्याचा आहे, आणि प्रत्येक खेपेचं भरलेलं व रिकामं वजन तिथे नोंदलं जातं. वाहतुकीचा करार करतानाच टायर, डिस्क आणि अ‍ॅक्सल यांचे आकडे लिहून घ्या. त्यांतला जो सगळ्यात कमी, त्यावरून ट्रॉलीची मर्यादा ठरवा आणि ती काट्याच्या संगणकात घाला. दोन ट्रॉल्या एकदम तोलत असाल तर वेगळ्या तोला. मर्यादा ओलांडली की पावतीवर तसं छापून येऊ द्या, म्हणजे पुढच्या खेपेला फडातच ऊस कमी भरला जाईल. केन यार्डात ट्रॉल्या तासन्‌तास उभ्या असतात, टायर गार झालेले असतात. तिथे एक कॉम्प्रेसर, एक गेज आणि एक माणूस ठेवणं कुठल्याच कारखान्याला जड नाही.

पुण्याच्या साखर आयुक्तालयाने पुढच्या हंगामाचे करार होण्याआधी हे सर्व कारखान्यांना लेखी कळवावं, ही विनंती.

– एक निवृत्त एसटी कर्मचारी, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर