सुभेदारसाहेब, तुम्ही बंदूक उघडीच हातात दिलीत

सुभेदारसाहेब,
सप्रेम नमस्कार.

बंदूक प्रशिक्षणाचं शिबिर संपलं तेव्हा आभार घाईत मानले गेले. ते नीट मानावेत म्हणून हे उघड पत्र.

2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे बंदुकीच्या परवान्यासाठी प्रशिक्षणाचा दाखला लागतो. आमच्यापैकी काहींकडे तो आधीच होता. पैसे भरले, लांबून बंदूक दाखवली, सही-शिक्का मिळाला. नळी रिकामी आहे की नाही हे कसं बघायचं, एवढंही कुणी सांगितलं नाही. बागेच्या राखणीसाठी बारा बोरची बंदूक घरात येणार, घरात पोरंबाळं, आणि शिकलेलं काय तर काही नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही दोन नळ्यांची बंदूक, म्हणजे दुनळी उघडलीत, काडतूस बसतं त्या दोन्ही चेंबरमध्ये पाहिलंत, करंगळी घालून चाचपलंत आणि उघडीच बंदूक, तोंड जमिनीकडे ठेवून, पुढे केलीत. "आता तुम्ही बघा." तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने तपासलेलं पुन्हा तपासायचं म्हणजे सगळ्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. तुम्ही मात्र समोरच्याचं बोट दोन्ही चेंबरमध्ये जाईपर्यंत बंदूक सोडत नव्हता. सरपंच असो की कॉलेजातला पोरगा, प्रत्येकाला, प्रत्येक वेळी. वडीलधाऱ्याने हातात दिलेली वस्तू तपासून घ्यायची आपल्याकडे रीत नाही. तुम्ही ती पाडलीत, आणि त्यात कुणाचाही अपमान होऊ दिला नाहीत. एवढा सज्जनपणा हल्ली सहज भेटत नाही.

कारणंही सांगितलीत, म्हणून ते डोक्यात बसलं. बहुतेक दुनळी बंदुकांची सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला हातोडा नाही; बंदूक पडली तर बार उडू शकतो. वीस बोरचं, म्हणजे जरा बारीक काडतूस चुकून बारा बोरमध्ये गेलं तर चेंबर ओलांडून पुढे नळीत अडकतं. चेंबर रिकामं दिसतं, चाप ओढला की नुसतं 'टक्' होतं, माणूस मागून बारा बोरचं काडतूस घालतो आणि नळी फुटते. म्हणून बोटाने चाचपल्यावरही मागच्या बाजूने उजेडाकडे आरपार बघायचं. काडतूस उडालं नाही तर तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवून 30 सेकंद थांबायचं, मगच उघडायची. बार फुसका वाजला तर वॅड, म्हणजे काडतुसातलं दारू आणि छऱ्यांमधलं बूच, नळीत अडकलेलं असू शकतं. नळी पाहिल्याशिवाय दुसरं काडतूस घालायचं नाही.

खऱ्या काडतुसांत न सांगता डमी, म्हणजे न उडणारी खोटी काडतुसं मिसळायची तुमची पद्धत तर फारच उपयोगी. डमीवर चाप ओढला की धक्क्याच्या भीतीने नळीचं तोंड खाली दचकतं, ते ज्याचं त्यालाच दिसतं. तुम्ही कुणाला हसू दिलं नाहीत. "पुन्हा," एवढंच म्हणालात.

आणि रात्री बागेत डोळे चमकले एवढ्यावर चाप ओढायचा नाही, अख्खं जनावर आणि त्याच्या मागे काय आहे ते दिसलं पाहिजे, हे तुम्ही प्रत्येकाकडून म्हणवून घेतलंत. एसजीचा, म्हणजे मोठ्या छऱ्यांच्या काडतुसातला छर्रा अर्धा किलोमीटरसुद्धा जाऊ शकतो, आणि आपल्या वाड्या त्याहून जवळ आहेत.

पुढच्या तुकडीत बायकांचीही नावं आली आहेत. डमी काडतुसं आणि कानाचे मफ आम्ही आणून ठेवतो. तुम्ही तेवढे या.

तुमचे,
शिबिरातले सगळे