टेस्ट फास्ट हव्यात, पण खोट्या नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखादी ऑनलाइन सेवा बंद पडली की पेपरात बातमी येते, पण नवीन अपडेट लोकांपर्यंत जायच्या आधी तपासतात कशी यावर फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी बॅकएंडचं, म्हणजे अ‍ॅपच्या मागे सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचं, काम करते. इंटिग्रेशन टेस्ट, म्हणजे प्रोग्रॅमचे भाग डेटाबेससकट एकत्र चालवून बघणाऱ्या टेस्ट, फार वेळ खातात ही रड सगळीकडे ऐकू येते, आणि त्यावरचा उपायही ठरलेलाच, टेस्टपुरता खरा पोस्टग्रेस डेटाबेस काढा, मेमरीतला छोटा एसक्यूलाइट डेटाबेस लावा आणि सर्व्हर उभाच करू नका. टेस्ट पटापट होतात, सगळं हिरवं दिसतं. मला हे अजिबात पटत नाही. कॉलमवर 20 अक्षरांची मर्यादा लिहिली असली तरी एसक्यूलाइट ती पाळत नाही, 40 अक्षरांचं नाव निमूटपणे ठेवून घेतो, पोस्टग्रेस मात्र तिथल्या तिथे एरर देतो. त्याहून त्रासदायक म्हणजे पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) चालू असताना एक क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) फेल झाली की रोलबॅक केल्याशिवाय, म्हणजे ते बदल रद्द केल्याशिवाय, पुढची कुठलीच क्वेरी चालत नाही, त्यामुळे एरर पकडून तसाच पुढे जाणारा कोड एसक्यूलाइटवर बिनबोभाट पास होतो आणि लाइव्ह गेल्यावर आपटतो. मग त्या हिरव्या टेस्टनी नक्की काय तपासलं?

बरं, वेळ जातो कुठे हे कोणी मोजून बघतं का? बहुतेक वेळा क्वेरी चालवण्यात नाही, तर सगळं परत परत उभं करण्यात जातो. स्प्रिंग हे जावाचं फ्रेमवर्क एकसारख्या कॉन्फिगरेशनचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे एकदा उभं केलेलं अ‍ॅप्लिकेशन, पुढच्या टेस्टसाठी कॅश करून ठेवतं, पण आपण दर टेस्ट क्लासमध्ये वेगळाच मॉक (खऱ्या भागाऐवजी नकली भाग) टाकतो, मग दर वेळी अख्खं अ‍ॅप्लिकेशन नव्याने सुरू होतं आणि शिव्या खातो डेटाबेस! डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनात, पोस्टग्रेस सगळ्या रनसाठी एकदाच चालू करा, मायग्रेशन (टेबलं तयार करणाऱ्या स्क्रिप्ट) एकदाच एका टेम्प्लेट डेटाबेसवर चालवा आणि टेस्ट पॅरलल चालवणाऱ्या प्रत्येक वर्कर प्रोसेसला त्याची कॉपी द्या, ही सोय पोस्टग्रेसमध्येच आहे. टेस्टचा डेटा जपायचा नसतोच, त्यामुळे एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का लिहिला जाईपर्यंत थांबणं) बंद केलं तरी चालतं. आणि टेस्टमधले पाच-पाच सेकंद नुसते थांबवणारे स्लीप काढून टाका हो, काम झालं का हे थोड्या-थोड्या वेळाने विचारत राहिलं तरी भागतं.

टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून शेवटी रोलबॅक करायची युक्ती चांगली आहे, मीही वापरते, पण तिथे कमिट (बदल पक्के करणं) कधी होतच नाही हे लक्षात ठेवायला हवं. कमिटच्या वेळी तपासले जाणारे कन्स्ट्रेंट (डेटावरचे नियम), कमिटनंतर जाणारे मेसेज, यातलं काहीच तपासलं जात नाही, आणि लेझी लोडिंगची (डेटा लागेल तेव्हाच आणण्याची) एररही झाकली जाते, कारण टेस्टने डेटाबेसचं सेशन उघडंच ठेवलेलं असतं. म्हणून लॉगिन, पेमेंट, ऑर्डर अशा मुख्य वाटांच्या मोजक्या टेस्ट तरी खऱ्या पोर्टवर सर्व्हर चालू करून, खरी एचटीटीपी रिक्वेस्ट पाठवून झाल्याच पाहिजेत. तिथे सर्व्हर आपल्या वेगळ्या थ्रेडवर काम करतो, टेस्टचा रोलबॅक त्याला लागू होत नाही, तेव्हा डेटा आपणच साफ करायचा. निव्वळ हिशोबाचं लॉजिक मात्र एकेक छोटा भाग तपासणाऱ्या युनिट टेस्टमध्येच ठेवा, त्यासाठी सर्व्हर कशाला.

बाहेरच्या कंपनीची सेवा असेल, उदा. पेमेंट गेटवे, तर तिथे डमी सर्व्हर लावण्यात काहीच गैर नाही, फक्त तो मुद्दाम उशीर करणारा, मधेच 500 ही सर्व्हर एरर देणारा, कधी उत्तरच न देणारा असा हवा. आणि त्यांचा सँडबॉक्स (चाचणीसाठीची वेगळी सेवा) असेल तर रात्रीच्या रनमध्ये त्याच्यावरही थोड्या टेस्ट चालवा, कारण त्यांनी रिस्पॉन्समधलं एखादं फील्ड बदललं तर आपला डमी सर्व्हर ते कधीच सांगणार नाही.

आपली,
एक वाचक