क्युसेक नको, पायरी सांगा

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीचा, कृष्णाकाठचा. आमच्या भिंतीवर तेलरंगानं ओढलेली एक रेघ आहे : २००५. त्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी, जिथं आमच्या नदीची पातळी मोजतात, पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी चढू लागली तेव्हा आम्ही रेघेच्या वीतभर वर सामान रचलं. धान्याची पिंपं, गाद्या, वडिलांची बाजाची पेटी. आणि घरातच थांबलो. पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्हाला बोटीतून काढलं; पेटी गेलीच.

इशारा मिळाला नाही असं मी म्हणणार नाही. मोबाइलवर रोज येत होता : धरणातून इतके क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे नंतर शिकलो. पण लाखभर क्युसेक म्हणजे माझ्या घराची कितवी पायरी? आणि सतर्क म्हणजे नक्की काय करायचं, रात्र जागवायची की म्हैस सोडायची? पत्रक कळेना, रेघ कळत होती. आम्ही रेघेचं ऐकलं.

शिवाय आमचा पूर आमच्या पावसानं येत नाही, महाबळेश्वर-कोयनेच्या पावसानं येतो. सांगलीत लख्ख ऊन पडलेलं असतं आणि नदी फुगत असते. आभाळाकडे बघणारा माणूस घाबरणार कशाला? ('धरण फुटलं' ही अफवा मात्र दहा मिनिटांत गावभर होते. ती साध्या मराठीत असते ना!)

सांगलीकराला फूट कळतात. "चाळीस झाले का?" ही पावसाळ्यात पानपट्टीवरची चौकशी. ४० इशारा पातळी, ४५ धोका पातळी, हे पोरांनाही पाठ. मग विसर्ग सोडतानाच सांगा : उद्या संध्याकाळी आयर्विनला ४६ ते ४९ फूट, अमुक गल्लीत पाणी येणार, गुरं आज दुपारीच हलवा. अंदाज थोडा हुकला तर आम्ही भांडायला येणार नाही. गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबांवर आयर्विनच्या फुटांचे पट्टे रंगवून घ्या. रंगाला असा किती खर्च येणार?

८ ऑगस्ट २०१९ ला आमच्याच जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून माणसं बुडाली. गावाला पाण्याचा वेढा पडला की बोटीवाचून वाट उरत नाही. म्हणून इशाऱ्यातल्या शब्दांचा एवढा कीस पाडतोय.

आमच्या भिंतीवर आता २०१९ ची दुसरी रेघ आहे. २०२१ चं पाणी तिच्या खालीच थांबलं, त्यामुळे घरात सगळ्यांचा तिच्यावर भरवसा बसलाय. मला धास्ती आहे ती त्याचीच.

आपला,
एक पूरग्रस्त सांगलीकर