गेमिंगसाठी नवा राउटर घेण्याआधी जिन्याखालची पेटी बघा: अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, सिडको,
छत्रपती संभाजीनगर

विषय: इमारतीतील इंटरनेटची वायरिंग सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या तिन्ही विंगमध्ये सध्या महागड्या राउटरची चढाओढ लागली आहे. ज्या घरात लेकरं व्हॅलोरंट किंवा बीजीएमआय खेळतात, तिथे सहा-आठ अँटेनांचा डबा आलाच म्हणून समजा. तरी रात्री जेवणं झाली की गेम अडकतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी सुरू होतात. माझं म्हणणं असं की, बहुतेक घरांत दोष राउटरचा नाहीच. तो जिन्याखालच्या पेटीत आणि गच्चीवरून ओढलेल्या वायरींत आहे. ती जागा सोसायटीची, म्हणून हे पत्र आपल्याला.

गेमला लागतं काय, हे आधी सांगतो. ऑनलाइन गेम चालू असताना फारसा डेटा जातच नाही, बहुतेक गेमना एक एमबीपीएससुद्धा पुरतो. त्यामुळे शंभरचा प्लॅन तीनशेचा केला म्हणून लॅग, म्हणजे गेमचं अडकणं, जात नाही. महत्त्वाचा असतो पिंग, म्हणजे आपला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. फायबरमधून, म्हणजे काचेच्या तारेतून, प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. इथून मुंबई साडेतीनशे किलोमीटर धरली, तर जाण्यायेण्याला चार मिलिसेकंदही लागत नाहीत. मार्ग लांबचा असला, मध्ये यंत्रं असली, तरी पिंग वीस-तीस मिलिसेकंदांच्या आसपास राहायला हरकत नाही. तो दोनशे-तीनशेवर उडतो, तेव्हा उशीर बहुधा आपल्या भिंतींच्या आत किंवा जिन्यात झालेला असतो.

भिंतींच्या आतलं कारण म्हणजे वायफायची गर्दी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. आपल्याकडे एकेका मजल्यावर चार घरं, आणि खालच्या-वरच्या मजल्यांचे राउटरही ऐकू येतात. मोठ्या अँटेनांचा राउटर आणला की तो शेजाऱ्यांच्या हवेत आणखी लांबवर बोलतो, आणि एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येत असल्याने सगळ्यांचीच रांग वाढते. याउलट ५ गिगाहर्ट्झच्या लहरी आरसीसीच्या भिंतीत लवकर मरतात. फ्लॅटसाठी हे चांगलंच आहे, कारण शेजाऱ्याचा त्रास आपल्यापर्यंत कमी येतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्ट्याचा मोठा भाग विनापरवाना वापरासाठी खुला केला, त्यामुळे जागाही भरपूर आहे. गेमचं यंत्र ५ गिगाहर्ट्झवर ठेवावं आणि २.४ चा पट्टा दाराची बेल, कॅमेरा, स्मार्ट बल्ब यांना सोडावा.

राउटर घ्यायचाच असेल तर माझ्या मते अँटेना मोजू नयेत. ड्युअल बँड (२.४ आणि ५ असे दोन्ही पट्टे), वायफाय ६ आणि सगळे पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या जागा, गिगाबिटचे (हजार एमबीपीएसचे) एवढं पुरे. स्वस्त मॉडेलवर खोक्यावर मोठा आकडा छापलेला असतो आणि मागचे पोर्ट मात्र शंभर एमबीपीएसचेच निघतात. खोक्यापेक्षा तांत्रिक तपशिलाचं पान वाचावं. आणि एक गोष्ट मुद्दाम बघावी: एसक्यूएम किंवा चांगलं क्यूओएस, म्हणजे डेटाची रांग नीट लावणारी सोय, आहे का. टँकरपुढच्या रांगेत एखाद्याने दोनशे लिटरचा ड्रम लावला की मागे तांब्या घेऊन उभा असलेलाही तेवढाच खोळंबतो. घरात कुणी फोनमधले फोटो वर चढवायला लावले की गेमच्या डेटाच्या बारीक पाकिटांचं असंच होतं. एसक्यूएम तांब्यावाल्याला आधी सोडतं. त्यासाठी लाइनच्या खऱ्या वेगाच्या जरा खाली, म्हणजे ८५-९० टक्क्यांवर मर्यादा लावावी लागते. वेगाचा आकडा थोडा कमी दिसतो, पण गेम सरळ चालतो.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत कॅट ६ केबल. शंभर मीटरपर्यंत ती एक गिगाबिट निवांत नेते. फक्त अस्सल तांब्याची घ्यावी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल त्याच नावाने मिळते आणि वाकवली की तुटते.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे फायबर इमारतीपर्यंतच येतं. पुढे जिन्याखालच्या पेटीतल्या स्विचमधून (एक लाइन अनेक घरांना वाटणारं यंत्र) तांब्याच्या वायरी घरोघरी गेल्या आहेत, आणि तिन्ही विंगचे स्विच गच्चीवरून तांब्यानेच जोडले आहेत. यातून तीन त्रास होतात. अख्ख्या विंगची वाहतूक एका पोर्टमधून जाते, म्हणून संध्याकाळी सगळ्यांचा पिंग एकदमच चढतो. स्विच कॉमन मीटरवर आहे, त्याला बॅकअप नाही. लाइट गेली की घरचा राउटर इन्व्हर्टरवर चालू असूनही नेट बंद. आणि तिसरा त्रास आपल्या मराठवाड्याचा खास: एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसात विजा कडाडतात आणि गच्चीवरची तांब्याची वायर तो झटका थेट पोर्टपर्यंत आणते. जळालेल्या पोर्टचा खर्च प्रत्येक घर निमूट सोसतं. तो सोसायटीच्या हिशेबात दिसत नाही, म्हणून त्यावर चर्चाही होत नाही.

उपाय माहितीतला आहे. फायबर थेट प्रत्येक फ्लॅटमध्ये न्यायचं. मध्ये जो स्प्लिटर बसतो, तो एका तारेतला प्रकाश ३२ किंवा ६४ घरांना वाटून देतो आणि त्याला वीजच लागत नाही. म्हणजे जिन्यात बॅकअपचा प्रश्न उरत नाही. काचेच्या तारेतून वीजही वाहत नाही, फक्त आधाराला पोलादी तार असलेली केबल गच्चीवरून नेऊ नये. घरात १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही तग धरतात. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी तो यूपीएस मोडवर ठेवावा, नाहीतर अदलाबदलीच्या त्या क्षणात राउटर पुन्हा सुरू होतो.

माझ्या मागण्या अशा. लिफ्टच्या डक्टशेजारी रिकामा असलेला पाइप फायबरसाठी मोकळा करावा. एकाच कंपनीशी करार न करता, ठरलेल्या नियमात येणाऱ्या प्रत्येकाला त्याच पाइपमधून येऊ द्यावं आणि गच्चीवरून वायर ओढायला बंदी करावी. हे होईपर्यंत जिन्याखालच्या स्विचला छोटा यूपीएस द्यावा आणि पेटीला हवा खेळायला जाळी बसवावी, उन्हाळ्यात तिच्यावर हात टेकवत नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन देण्याचे नियम आणले आहेत. उद्या फ्लॅट विकताना-भाड्याने देताना गिऱ्हाईक हे विचारणारच.

गेमसाठी सोसायटीने खर्च का करावा, असं काही ज्येष्ठ सभासद विचारतील. घरून काम, परीक्षेचे फॉर्म, व्हिडिओवरचे डॉक्टर यांचा दाखला देऊन मला तो प्रश्न टाळायचा नाही. मी गेमिंगसाठीच मागतो आहे. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती आणि भारताचे खेळाडू तिथे उतरले होते. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली, पण ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. किती वेळ खेळायचं हे आई-वडिलांनी ठरवावं. पण खेळायला बसलेल्या मुलाचा डाव जिन्यातल्या पेटीमुळे हातातून जावा, हे मला पटत नाही. आपण खेळाच्या मैदानासाठी भांडणारी माणसं आहोत, हे त्यांचं मैदान आहे.

सभेआधी प्रत्येक घराने एक साधी तपासणी करावी, ही सूचना ग्रुपवर टाकावी. कॉम्प्युटर केबलने जोडून आधी राउटरच्याच पत्त्यापर्यंतचा पिंग मोजायचा, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्यापर्यंतचा. राउटरचं उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत येत असेल आणि बाहेरचं उडत असेल, तर राउटर बदलून उपयोग नाही. हीच तपासणी वायफायवर करून राउटरचंच उत्तर अडखळलं, तर घरातलं चॅनेल आणि जागा बदलून बघावी. आकडे मजल्यानुसार माझ्याकडे पाठवले, तर तक्ता मी करून देईन.

पेटी उघडून बघायची असेल तर रविवारी सकाळी वॉचमनकडून किल्ली घेऊन मी थांबतो. सेक्रेटरी आणि इलेक्ट्रिशियन दोघेही आले तर बरं.

कळावे,
आपला विश्वासू,
एक सभासद, बी विंग